न हलता हद्दीबाहेर

माझा मेहुणा ट्रक चालवायचा. इंदूरकडून बटाटे आणताना कारंज्याजवळ पोलिसांनी गाडी थांबवली आणि पोत्यांखाली अफू निघाली, तीही थोडीथोडकी नव्हे. "पोते म्या नाई भरले," हे एकच वाक्य त्यानं ठाण्यात, तुरुंगात आणि कोर्टात एकाच सुरात म्हटलं. मला ते खरं वाटायचं. एवढी अफू लपवून न्यायला जी अक्कल लागते, ती त्याच्याजवळ नव्हती.

तो आत होता तेव्हा माझी सासू जेवेना. म्हातारीला जवळजवळ दिसत नव्हतं आणि घास लेकाच्या हातचा असेल तरच ती तोंड उघडायची. आम्ही भरवायला गेलो की आमचा हात चाचपून बाजूला सारायची. बघता बघता ती अर्धी झाली. बायकोनं असा लकडा लावला की माझी संत्र्याची बाग दाखवून मी जामीनदार झालो. न्यायाधीशांनी जामीन दिला, पण बजावलं, "मध्य प्रदेश राज्याबाहेर पाऊल टाकलंस तर जामीन रद्द." वर्धा तेव्हा मध्य प्रदेशातच होतं. मेहुणा आमच्या खेड्यात परतला, म्हातारी जेवू लागली आणि मी निर्धास्त झालो.

मग छप्पनची दिवाळी आली आणि सरकारनं आमचा अख्खा जिल्हा उचलून मुंबई राज्यात टाकला.

मी अंगणात दात घासत होतो. मेहुणा वळकटी बांधून समोर उभा.

"भाऊजी, मी निंगतो."

"कुठं?"

"मध्य प्रदेशात. रात्री झोपलो तवा राज्याच्या अंदर होतो. आता बाहीर हाओ."

मी त्याला वेड्यात काढलं, तर बायको त्याच्याच बाजूनं. "साहेबानं सांगतलं होतं नं? याले पकडून नेलं तं मायले कोन भरवन?"

"अन् हा पळून गेला तं कोन भरवन?" मी विचारलं. तेव्हा कुठे तिनं त्याच्या हातातली वळकटी काढून घेतली.

त्याला मोटरीत घालून वर्ध्याला नेलं. ज्या साहेबांनी जामीन दिला होता, त्यांची नेमणूक नव्या वाटणीत मध्य प्रदेशाकडेच राहिली होती आणि ते सामान बांधून जबलपूरला निघून गेले होते. कोर्टातला कारकून म्हणाला, "अट ज्यानं घातली त्यानंच बदलवावी. आरोपीले घेऊन जबलपूरले जा."

"तिकडं गेल्यावर तो अटीतच बसते. मंग बदलवाचं काय?"

त्यानं मनापासून विचार केला. "हो. मंग अर्ज निकाली निघन."

"अन् वापस आला तं?"

"मंग नवा अर्ज."

माणूस चेष्टा करत नव्हता. त्याच्या टेबलावर डोकं आपटून घ्यावं असं मला वाटलं. सरकारी वकील तर त्याच्याही पुढचे. आरोपी हद्दीबाहेर आहे हे तो स्वतःच कबूल करतो, तो बाहेर कसा गेला हा मुद्दा गौण आहे, असं त्यांचं म्हणणं. "बराबर बोलून राह्यले," असं मेहुणा माझ्या कानात पुटपुटला. मी त्याला चिमटा काढला.

नवे न्यायाधीश पुण्याकडचे होते. त्यांनी जुना हुकूम वाचून विचारलं, "तुम्ही राज्याबाहेर केव्हा गेलात?"

"झोपीत, साहेब."

कोर्टात खसखस पिकली. साहेब हसले नाहीत. "तुम्हाला राहायचं कुठं आहे?"

"मायजवळ."

साहेबांनी लेखणी उचलली. हल्ली राज्यांचा भरवसा नाही, म्हणाले, पण गाव काही जागचं हलत नाही. ठाण्याच्या परवानगीशिवाय गावची शीव ओलांडायची नाही, अशी नवी अट त्यांनी घातली. मला ती इतकी शहाणपणाची वाटली की मी त्यांना हात जोडले.

मेहुण्यानं ती अशी पाळली की बकरी शिवेपलीकडे गेली तर हा अलीकडून हाका मारत बसायचा. मात्र म्हातारीचा एक घास चुकला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली, त्याच्याच हातची दूधभाकरी खाऊन. आमची मसणवट नाल्यापलीकडे, म्हणजे शेजारच्या गावच्या हद्दीत. त्याचं कुणाला कधी काही वाटलं नव्हतं. मेहुणा हातात मडकं घेऊन पुढे चालत होता. शिवेच्या दगडापाशी तो थांबला. परवानगी आणायला ठाण्यात गेलेला माणूस अजून आला नव्हता.

"चाल ना रे," मी म्हणालो.

"नाई भाऊजी. मले आत टाकलं तं मायले कोन..."

बोलता बोलता त्यालाच ते कळलं. तो ढसाढसा रडू लागला, पण पाय काही उचलेना.

मला संताप आला. त्याचा, साहेबांचा, दोन्ही राज्यांचा. माझा खांदा दुसऱ्याला देऊन मी तो शेंदूर फासलेला दगड धरला. "जिल्हा सरकते, तं हा गोटा काऊन नाई सरकनार?" गावचा कोतवाल शिवेची राखण करायचा सरकारी पगार घेत होता. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि दुसरी बाजू धरली. धापा टाकत आम्ही दगड नाला ओलांडून मसणवटीच्या पलीकडे नेऊन ठेवला.

"आता हे आपल्या गावात?" मेहुण्यानं विचारलं.

"आपल्याच."

मग तो आला आणि त्यानं आईला अग्नी दिला.

पुढे खटल्यातून तो सुटला. दगड जागेवर ठेवायचं मात्र कुणी मनावर घेतलं नाही. तो अजून मसणवटीच्या पलीकडेच आहे.