धोंड्याला गेलो, धोंडी झालो

माझ्यासारखा हुशार माणूस फसतो ना, तेव्हा तो एकटा फसत नाही, अख्खं गाव गोळा करून फसतो. चहा येईपर्यंत ऐकाच. माझी बायको हा किस्सा फार वाढवून सांगते. मी थोडाच वाढवतो.

तेव्हा जालन्यात माझा प्लॅस्टिकच्या खेळण्यांचा छोटा कारखाना होता. दाबलं की 'चीं' करणारी बदकं, बाहुल्या, असला माल. एक दिवस औरंगाबादचे एक डॉक्टर आले. गळ टाकून मासे धरायचा त्यांना भारी नाद! त्यांनी खिशातून मऊ रबरी बेडूक काढला. मासे फसवायचं परदेशी आमिष. पण आपल्या मरळीनं दोनदा चावलं की त्याच्या चिंध्या!

"असाच, पण टिकाऊ करून दाखव," डॉक्टर म्हणाले. "मरळीच्या दातांतून अख्खा परत आला, तर पुढचा सगळा माल तुझ्याकडून."

अहो, बदकं करणाऱ्याला बेडूक काय अवघड? खपून खपून असा एक नमुना काढला, की पकडीनं ओढा, टाचेखाली रगडा, ढिम्म! हिरवागार, पोट पिवळं, मागं लोंबते पाय. मी तर त्याच्या प्रेमातच पडलो. आता राहिली होती फक्त मरळ.

तेवढ्यात अधिक महिना लागला आणि सासुरवाडीहून धोंड्याचं बोलावणं आलं. जावयाचे पाय धुवायचे, कपडे करायचे, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तो धोंडा. सासुरवाडी जाफराबादकडची, गावाला तळं. म्हणजे धोंडाही खायचा आणि बेडूकही तपासायचा!

शिवाय मला सासऱ्यांना, म्हणजे मामांना, दाखवून द्यायचं होतं. मामा कापसाचे मोठे शेतकरी. त्यांच्या लेखी मी 'चीं-चीं विकणारा जावई'. तोंडावर कधी म्हणाले नाहीत, पण माणसाला कळतं हो. मनाला फार लागलेलं होतं ते माझ्या.

सासूबाईंनी आधीच बजावलं, "धोंड्याच्या महिन्यात जीव मारायचा न्हाई हां!" मी बेडकाचे गळच काढून टाकले. मासा हवा होता कुणाला? मला नुसता त्याचा चावा हवा होता!

सकाळी बनियन-पंच्यावर तळ्यात उतरलो. आषाढ असून ऊन वैशाखाचं. पावसाचा पत्ता नाही, पेरण्या अडलेल्या. डोकं तापू नये म्हणून कडुलिंबाचा डहाळा डोक्याला गुंडाळला, काठीच्या दोरीला बेडूक बांधला आणि लागलो फेकायला. फेकायचा, ओढायचा, पुन्हा फेकायचा.

"काय करून राह्यले, पावणं?"

काठावर किसनतात्या उभे. मामांचे शेजारी. त्यांनी माझ्या डोक्यावरचा डहाळा बघितला, दोरीला लोंबणारा बेडूक बघितला आणि विचारलं, "धोंडीसाठी का?"

तोंडात तंबाखूचा बार, त्यामुळं शब्द चेंगरून आला. मी ऐकलं, 'धोंड्यासाठी का?'

"तर! त्यासाठीच खास जालन्याहून आलो."

"जावई असून? लई मोठं मन हाय, पावणं!"

धोंडे खायला मोठं मन? मोठं पोट लागतं! पण कौतुक कुणी परत करतं का?

"पाच घरं तरी घ्यावी लागतेत," तात्या म्हणाले. "रिवाजच हाय तसा."

पाच घरी जेवण! गावात आपली एवढी इज्जत? "पाचच का, तात्या? बोलवतील तितकी घेतो. मागं हटणारा माणूस नाही मी!"

"बिलकुल! मंग गावात सांगून येतो," म्हणत तात्या लगबगीनं गेले.

इकडं तळ्यात पाणी गुडघाभर. मरळ कुठं चिखलात दडली होती, देव जाणे. शेवटी काठी खांद्यावर टाकली, पुढं बेडूक लोंबकळता, आणि निघालो.

पहिल्याच दारात एक वहिनी भरली घागर घेऊन उभ्या. "उभे राहा, पावणं," म्हणाल्या, आणि भडाभडा ओतली की माझ्या डोक्यावर!

क्षणभर मी गडबडलो. मग लक्षात आलं, जावयाचे पाय धुतात ना? या गावात अख्खा जावई धूत असतील! मी हात जोडून म्हणालो, "वहिनी, पाठ राहिली." त्यांनी पाठीवरही ओतलं. वर ओंजळभर ज्वारी माझ्या पंच्यात घातली. जावयाची ओटी भरतात हे नवीनच होतं, पण मान तो मान!

दुसऱ्या दारात दोन घागरी. तिसऱ्या दारापासून मागं हलगी वाजायला लागली, सोबत तात्याही. बाया काहीतरी म्हणत होत्या, त्यात मधूनमधून 'धोंडी' ऐकू यायचं. म्हटलं, धोंड्याचंच गाणं असणार. मला तर चेवच आला. काठी उंच धरून, बेडूक नाचवत, मी सगळ्यांच्या पुढं!

अशी सात घरं घेऊन मामांच्या दारात आलो. मामा पाय धुवायला ताट-तांब्या घेऊन उभे. त्यांच्या मागं माझी बायको, सुमन.

"अगं बाई! अहो, हे काय करून आलात?"

"मान घेऊन आलो! सात घरांचा!"

"कसला मान? पाऊस ओढ देतो ना, तेव्हा लिंबाचा पाला बांधून, बेडूक घेऊन, पाऊस मागत दारोदार फिरतात. त्याला धोंडी म्हणतात! तुम्ही धोंडी झालात!"

कानांत पाणी होतं, तरी हे स्पष्ट ऐकू आलं. मामांनी माझे पाय बघितले आणि तांब्या खाली ठेवला. धुवायला कोरडं काही उरलंच नव्हतं.

"पण तात्या," मी बेडूक पुढं केला, "हा रबराचा आहे!"

"ते दिसलंच की. पर खरे बेडकं हायत कुठं औंदा? आता निघालेच हो, तर पुरं करा. बेडूक पाण्यात सोडायचा, म्हंजी झालं."

अहो, माझा एकुलता एक नमुना! पण सात घरांची ज्वारी पंच्यात असताना नाही कसं म्हणणार? सगळे मामांच्या विहिरीवर गेलो. मी दोरी सोडली आणि डोळे मिटून बेडूक खाली टाकला. टप्!

आणि लगेच, धाड!

विहिरीचं पाणी साफ राहावं म्हणून मामांनी आत मरळ सोडलेली होती. पोसून पोसून केवढी झालेली! बेडूक गडप. माझा जीव टांगणीला. दमानं बेडूक वर आला. पुन्हा धाड! पुन्हा गडप, पुन्हा वर. शेवटी मरळच कंटाळून तळाला गेली.

मामांनी पोहरा सोडून बेडूक वर काढला. उलटा केला, ताणला, नखानं टोकरून पाहिला. कुठं चीर नाही!

"माल चांगला हाय," मामा म्हणाले.

खरं सांगतो, मला भरून आलं. एवढं ऐकायला मी आणखी सात घरं घेतली असती.

मी छाती पुढं काढली. "मामा, डॉक्टरांचं काम आता आपलंच! आता मालाला नावसुद्धा तुम्हीच द्या!"

मामांनी हातातल्या बेडकाकडं पाहिलं, मग निथळणाऱ्या माझ्याकडं.

"जावई छाप."

"माझ्या मानाखातर, मामा?"

"न्हाई. आतून पोकळ, वरून फुगलेला, अन् कितीबी भिजवा, बुडत न्हाई!"