टोल्यांचे नऊ कप्पे

आमच्या ऑफिसातल्या मोठ्या साहेबांबद्दल मी चांगलं काही लिहिणार नाही. लिहावं असं काही नाहीच. ते नागपूरहून यायचे, आठवड्यातले तीन दिवस गोंदियात राहायचे आणि तेवढ्यात आम्ही चौघं किती अडाणी आहोत हे पटवून जायचे. धान खरेदी केंद्रांवर शेतकऱ्यांची नोंदणी होते, तिचं सॉफ्टवेअर आमच्याकडे होतं. नोंदीत नाव असेल त्याचंच धान काट्यावर चढतं. नाव नसेल तर धान कितीही चांगलं असो, घरी परत.

गावांचे कोड मी ठरवले होते. आमच्याकडे गावाला टोले असतात. कुणी शेताजवळ घर बांधतो, त्याच्यामागून भाऊबंद जातात, दहा-बारा घरं झाली की तो टोला. जंगलाच्या बाजूला तर गावं कमी आणि टोलेच जास्त. मी स्वतः अशाच एका टोल्यावर वाढले. जुन्या रजिस्टरांत कारकून मोठ्या गावाचं नाव लिहून त्याखाली काही ओळी टोल्यांसाठी कोऱ्या सोडायचे. मी तेच केलं. मोठ्या गावांना दहा, वीस, तीस असे कोड दिले आणि मधले आकडे टोल्यांना. तेवीस म्हणजे वीस नंबरच्या गावाचा तिसरा टोला. या युक्तीचा मला अभिमानही होता.

मग नोंदी वाढल्या, एक नाव शोधायला मशीन ताटकळत ठेवू लागलं. साहेबांनी फर्मान काढलं, टेबलाचे हॅशने दहा भाग करा. म्हणजे एकच मोठा तक्ता न ठेवता दहा कप्पे करायचे. कुठली नोंद कुठल्या कप्प्यात जाणार ते मशीन एका ठरलेल्या गणिताने काढतं, आणि शोधतानाही त्याच गणिताने तेवढाच कप्पा उघडतं. आमच्या डेटाबेसचं गणित शाळेतल्या पोरालाही जमेल असं होतं. गावाच्या कोडला दहाने भागायचं, जी बाकी उरेल तो कप्प्याचा नंबर.

मी म्हटलं, "सर, मोठ्या गावांचे कोड दहाच्या पटीत आहेत. सगळी शून्यात जातील. नोंदणी क्रमांकावर भाग करा, नाहीतर निदान अकरा कप्पे करा."

"मॅडम, हॅश है ये. हॅश में सब बराबर बँटता है. पूरी दुनिया करती है." असं म्हणून साहेब बाकीच्या तिघांकडे बघून हसले. तिघंही हसले. त्यांना दात दाखवायचाच पगार मिळत असावा असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं.

व्हायचं तेच झालं. मोठी गावं झाडून सारी शून्याच्या कप्प्यात कोंबली गेली आणि उरलेल्या नऊ कप्प्यांत टोल्यांची थोडी थोडी नावं. मशीन होतं तितकंच सुस्त राहिलं. नोंदणीची मुदत संपली, दिवाळी झाली. केंद्रं सुरू व्हायला दोन दिवस उरले असताना साहेबांनी कप्प्यांची यादी उघडली आणि भडकले.

"पार्टिशन ठीक से लगा ही नहीं. असली डेटा सब झिरो में पडा है. बाकी नौ में अपना टेस्टिंग का कचरा है. खाली करो, नया बनाते हैं."

कचरा! टोले आहेत ते, सर. एवढंच म्हणायचं होतं. पण मी गावांबद्दल बोलले तेव्हा हा माणूस हसला होता, आता पडू दे तोंडावर, असं मनात आलं. बॅकअपवरून सगळं परत आणताना साहेबांची चांगली शोभा होईल, असंही वाटलं. "एकदा उघडून बघा," इतकंच बोलले. त्यांनी बघितलं नाही, मी दाखवलं नाही. त्यांनी स्वतःच्या हाताने आज्ञा टाइप केली आणि नऊ कप्पे रिकामे झाले. मशीन मंद होतं म्हणून रोजचा बॅकअप त्यांनीच नोंदणीच्या गर्दीत बंद करायला लावला होता, हे मला त्यानंतर आठवलं. रागापायी मी अक्कल गहाण ठेवली होती.

केंद्रांवर कागदी अर्ज पडून होते. मी म्हटलं, बसून पुन्हा भरते. साहेब म्हणाले, मुदतीनंतरच्या तारखा दिसल्या तर वरून विचारणा होईल. मग वर कळवण्यात आलं की संबंधित टोल्यांवरील शेतकऱ्यांनी मुदतीत नोंदणी केली नाही. ते पत्र मी टाइप केलं. हो, मीच.

पुढच्या आठवड्यात कोहमाऱ्याकडच्या केंद्रावर आरडाओरडा सुरू झाला. उंटावरून शेळ्या हाकायला साहेब मोकळे, निस्तरायला मला पाठवलं. फाटकातच आमच्या शेजारघरचे म्हातारे काकाजी भेटले. ट्रॅक्टरवर धानाचे कट्टे, म्हणजे पोती, आणि काकाजी दोन दिवसांपासून तिथेच.

"काऊन पोरी, मी मेलो का? कागद तं तूच भरला होता माह्या ओसरीत बसून."

"काकाजी, मशीनमध्ये नाव दिसत नाही."

"कायले दिसत नाही? हा आपरेटर सांगून राहिला का आमी नोंदच नाही केली!"

मी मान वर केली. पलीकडे काट्यावर माझे बाबा आपले कट्टे चढवत होते. काकाजींनी माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे.

"तुह्या बाचं नाव कसं रायलं?"

बाबांची नोंद करताना मी टोल्याचा कोड टाकलाच नव्हता. मोठ्या गावाचा टाकला होता. टोल्यावरची आहे हे मी ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं आणि स्क्रीनवर ते कुणाला दिसू द्यायचं नव्हतं. म्हणून बाबा शून्याच्या कप्प्यात गेले, आणि वाचले.

"समजलं," काकाजी म्हणाले. "आमाले खोडलं अन् घरच्याले ठेवलं. शिकून येवढंच केलं तूनं."

मी खोडलं नाही काकाजी, असं ओरडून सांगता आलं असतं. पण मग बाबांचं नाव का राहिलं तेही सांगावं लागलं असतं, तेही बाबांसमोर. बाबांनी आमच्याकडे न बघता पुढचा कट्टा उचलला. चोर म्हटलेलं मला परवडलं.