ट्रॅकवर आज नदी आहे

आमच्या बोरिवलीच्या सायकल ग्रुपकडे सायकल चालवल्याचे किस्से कमी आणि न चालवल्याचेच जास्त. कारण आमचा ट्रॅक नदीकाठी आहे, आणि काठ नेमका कुठे संपतो यावर पावसाळ्यात नदीचं आणि आमचं एकमत होत नाही.

ग्रुपमध्ये सगळे पन्नाशीपुढचे. शुभांगीताई कांबळे तर बँकेतून रिटायर झाल्यावर सायकल शिकायला आल्या. कुणाचाही हात न लागता ट्रॅकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, एवढीच त्यांची इच्छा. त्यांना तोल जमला आणि त्याच आठवड्यात पूर आला!

*

पुराच्या दिवसांत आमचा सावंत रोज सकाळी पुलावर जाऊन ग्रुपवर अपडेट टाकतो. आधी लिहिलं, "ट्रॅकवर पाणी आहे." दुसऱ्या दिवशी, "पाणी आहे." मग नुसतंच, "आहे."

मी लिहिलं, "अरे, किती आहे ते तरी सांग!"

"ट्रॅक दिसला असता तर सांगितलं असतं ना!"

*

याच सावंतने पुराच्या आदल्या संध्याकाळी आपली सायकल रेलिंगला बांधून ठेवली होती. कुलूप परदेशी, भाच्याने पाठवलेलं. पाणी ओसरल्यावर सायकल खाली तबेल्यापाशी सापडली. रेलिंगसकट. पुढच्या चाकाची चपाती झालेली.

आम्हाला वाटलं, आता हा रडणार. त्याने कुलूप ओढून पाहिलं आणि ओरडला, "बघ रे, जरा पण हलूक नाय!"

*

पाणी गेलं, चिखल राहिला. मस्त गार चिखल, त्यामुळे तबेल्यातल्या म्हशी ट्रॅकवर येऊन बसल्या. मी घंटी वाजवली. एकही म्हैस उठली नाही, तबेल्याचा मालक मात्र धावत आला.

"साब, घंटी मत बजाओ. दूध कम देती हैं!"

तेव्हापासून म्हशी दिसल्या की आम्ही उतरतो आणि सायकल हातात धरून गुपचूप जातो.

*

शेवटी आम्हीच फावडी घेतली. सगळ्यात पुढे शुभांगीताई, त्यांना घाई होती. रविवारच्या रविवार चिखल खरवडला, पाठीची पार वाट लागली. खालून रंगीत लाद्या निघाल्या तेव्हा कळलं, की हा आपला ट्रॅक नाहीच. हा शेजारचा जॉगिंग ट्रॅक!

जॉगिंगवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. एक आजोबा म्हणाले, "दरवर्षी याल ना?"

*

आमचा ट्रॅक साफ झाला शनिवारी. रविवारी दुपारपासून पुन्हा जोराचा पाऊस सांगितला होता. म्हणजे ताईंच्या हातात एकच सकाळ.

त्या सकाळी त्यांचे थोरले भाऊ, दादा, मुद्दाम घाटकोपरहून बघायला आले. टपरीवर चहा पिताना ताई म्हणाल्या, "लहानपणी घरात एकच सायकल, ती दादाची. मी कॅरियर धरून त्याच्या मागे पळायची. तो शिकला. माझी पाळी आली तर म्हणाला, मुलींना कशाला?"

दादा हसले. आम्हीही हसलो. ताई हसल्या नाहीत, आणि मला आमच्या हसण्याची लाज वाटली.

ट्रॅकच्या टोकाशी ताईंनी हेल्मेट घातलं. तेवढ्यात दादांनी हँडल धरलं. "थांब, घसरडं असेल. आधी मी एक राउंड मारून बघतो."

ताईंनी त्यांचा हात हँडलवरून काढला आणि सीटवर बसल्या.

"दादा, तू पळ मागून."

आणि निघाल्या. मग दादा एका हाताने पँट सावरत पळायला लागले.

कॅरियर त्यांच्या हाताला शेवटच्या टोकापर्यंत लागलं नाही.