उरलेली एक पट्टी

साठ सालानंतर औंस आणि ड्राम ही औषधांची जुनी मापं मोडीत निघाली, तेव्हा मी मालवणातल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. दहा वर्षं औंसावर काढलेली. डोळे मिटून ओतलं तरी थेंब इकडचा तिकडे व्हायचा नाही, असं मी स्वतःच सांगत फिरायचो. दुसरं कोणी सांगत नव्हतं.

मुंबईच्या ज्या कंपनीकडून आमची मापं यायची, तिचं पत्र आलं. औंसाचे ग्लास यापुढे मिळणार नाहीत, फुटला तर फुटला. नवी मापं मिलिलिटरची घ्या, शिकवायला आमचा माणूस येईल. माणूस आला. त्याने भिंतीवर एक तक्ता चिकटवला, मग तो दोन वाट्या सोलकढी प्यायला आणि "काही अडलं तर पत्र टाका" असं सांगून दुपारच्या गाडीने गेला. अडलेला रोगी पत्राच्या उत्तराची वाट बघत बसणार होता जणू!

त्या तक्त्याप्रमाणे एका औंसाचा डोस आता पंधरा मिलिलिटरचा, म्हणजे अर्ध्या औंसाचा झाला. औषध तेवढंच, पाणी निम्मं. बाटलीवर आम्ही डोसाच्या खुणा कातरलेली कागदी पट्टी चिकटवायचो. जुन्या पट्टीवर आठ खुणा असायच्या, नवीवर सोळा. दिवसाला दोन खुणा द्यायच्या, म्हणजे चार दिवसांची बाटली आता आठ दिवसांची. बाटल्या लोक घरूनच आणायचे, म्हणून जुनी पट्टी खरवडून नवी लावायची, एवढंच काम होतं.

पहिल्याच दिवशी मी सकाळी मोजून एकवीस पट्ट्या कातरल्या, आणि एकवीस बाटल्या भरल्या. दुपारी एकला टेबल पुसताना एक पट्टी उरलेली दिसली.

माझी पाचावर धारण बसली. एक बाटली जुन्या पट्टीनिशी गेली होती. कुणाची? बाटल्या एकेक करून आठवल्या. खोकल्याची नव्हती, पोटाचीही नव्हती. चिंधीचं बूच असलेली ती लांब मानेची बाटली होती. कसालच्या एका म्हातारीने नवऱ्यासाठी नेलेली, हृदयाच्या औषधाची. बाटलीवर पट्टी आहेच म्हणून सवयीने हात पुढच्या बाटलीकडे गेला होता. जुन्या खुणेने दिलं तर म्हाताऱ्याला दुप्पट औषध जाणार होतं, आणि त्या औषधाने नाडी मंद होत होत थांबू शकते, हे मला पाठ होतं.

डॉक्टर खाडीपलीकडे व्हिजिटला गेलेले. घर शोधायला म्हणून मी म्हाताऱ्याचा केसपेपर घेतला, ती पट्टी आणि डिंकाची बाटली खिशात टाकली आणि तीनची गाडी धरली. वाटेत मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही, त्यातलं निम्मं अजून फेडायचं आहे. गाडी कट्टा गावाला थांबली तेव्हा ड्रायव्हर चहाला उतरला. त्याचा गळा धरावासा वाटला.

म्हातारा पडवीत उशीला टेकून बसला होता. मी आधी त्याची नाडी धरली. चालू होती. तेवढ्यात म्हातारी बाहेर आली.

"काय रे झिला, डॉक्टरान पाठवल्यान?"

"काकी, औषध दिलंस?"

"दुपारी दिलंय. अर्धी खूण."

"अर्धी?"

"पयल्यापासून अर्धीच देतंय. चार दिसांनी मालवणाक कोण जातलो? अशी दिली काय बाटली आठ दिस पुरता. डॉक्टराक सांगा नको हां."

माझा जीव भांड्यात पडला. जुनी अर्धी खूण म्हणजे नवी एक. अगदी बरोबर डोस गेला होता! चार दिवसांची बाटली आठ दिवसांनी परत येते, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. पण त्या क्षणी लाज वाटायलाही सवड नव्हती. मी हसत हसत जुनी पट्टी खरवडली, नवी चिकटवली आणि ऐटीत सांगितलं, "आता पुरी खूण दी, काकी. ही बाटलीच आठ दिस पुरतली."

परतीच्या गाडीत बसल्यावर निवांतपणे केसपेपर उघडला, आणि एक ओळ दोनदा वाचली. पायांची सूज उतरत नाही म्हणून डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वी डोस दुप्पट केला होता. सूज उतरणार कशी? पोटात निम्मंच जात होतं. दुप्पट केल्यावर त्याच्या निम्मं, म्हणजे जेवढं हवं तेवढं जाऊ लागलं होतं आणि म्हाताऱ्याला उतार पडला होता. दुपारी एकदा दुप्पट गेलंच होतं, आता माझ्या सांगण्यावरून ती पुरी खूण, म्हणजे पुन्हा तेवढंच देणार होती. दिवेलागणीला, म्हणजे आत्ताच.

"थांबवा! माका उतराक व्हया!" मी ओरडलो. कंडक्टर काहीतरी बोलला, ते ऐकायला मी थांबलो नाही. एवढा मी आयुष्यात धावलो नाही.

पडवीत कंदील लागला होता. म्हातारीने वाटी नवऱ्याच्या ओठांना लावली होती. मी ती हातातून ओढली, औषध त्याच्या सदऱ्यावर सांडलं.

"तूच सांगितलंस मा पुरी दी म्हणान?"

"दी नको. आज काय एक दी नको. उद्या डॉक्टराक घेवन येतंय. तवसर सकाळची अर्धीच."

माझ्या हातातली वाटी घेऊन ती पदराने पुसत म्हणाली, "मगे मी काय वायट करी होतंय?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले, त्यांनी डोस उतरवला. तिला एक शब्द बोलले नाहीत, जे बोलायचं ते मला बोलले. म्हातारा पुढे बरीच वर्षं जगला.

तेव्हापासून बाटली भरण्याआधी मी प्रत्येकाला विचारायचो, घरी खरोखर किती देता? सगळे म्हणायचे, "तुमी सांगितलास तितक्याच." आणि मी घाबरत घाबरत बाटली भरायचो.