फुगलेली खिडकी

आमच्या जामसंड्याच्या घरातल्या खिडक्या दुरुस्त करायला एकच सुतार यायचे. खाऱ्या, दमट हवेने फुगलेल्या झडपेवर टकटक करून ते तिलाच विचारायचे, "काय झाला गो बाय तुका?" मग तिची कड रंध्याने तासून तिथे मेणबत्ती घासायचे. माझ्याशी मात्र कधी बोलत नसत, आणि मला ते बरं वाटे.

माझ्या टेबलापाशी तेवढी एकच खिडकी होती. येणारे-जाणारे आत बघतात म्हणून बाबांनी ती कायमची बंद करायला सांगितली. मी वह्या उचलून बाजूला झाले. सुतारांनी गंजलेली बिजागरी बदलली, कड तासली आणि एका बोटाने खिडकी सताड उघडली.

"अरे, खिळे मारूक सांगलंय ना तुका?" बाबा ओरडले.

"खिडकी उघडूचा काम माझा, भाऊ. बंद करूक दुसरो कोण तरी बघा."

बाबांनी दुसरा सुतार शोधला नाही.