समुद्राकाठी येळवस

आमच्या थोरल्या साडूंच्या दारातून उपाशी परतलेला माणूस भालकी तालुक्यात अजून जन्माला यायचा आहे, आणि चुकून आलाच जन्माला, तर ते त्याला बारशातच गाठून भाकरी कुस्करून घालतील. मी त्यांना अण्णा म्हणतो. त्यांच्यापेक्षा वयानं मोठी माणसंही त्यांना अण्णाच म्हणतात, कारण तोंडात घास असताना तेवढंच बोलता येतं. "जेवणार का?" हा प्रश्न अण्णांनी आयुष्यात कुणाला विचारलेला नाही. समोरच्याच्या हातावर ते थेट तांब्यानं पाणी ओततात. हात ओले झाल्यावर माणूस करणार काय? एकदा विजेची बिलं वाटणारा माणूस त्यांच्या ओसरीवर असा सापडला. जेवून तो जो आडवा झाला तो दिवे लागल्यावर उठला, आणि कुठल्या गावात आलोय हेच विसरून बिलांच्या गठ्ठ्यासकट घरी गेला. गावानं अण्णांचा सत्कार करायचं ठरवलं होतं. दुसऱ्या एका भल्या माणसानं त्यांच्या विहिरीवरची मोटार चोरायचा बेत केला, तोही अण्णांच्या तावडीत सापडला. जेवण झाल्यावर म्हणाला, "अण्णा, आता तुमीच म्हनलाव तरी ही उचलायची न्हाई माझ्यानं." ही गोष्ट मला खुद्द अण्णांनी सांगितली आहे, त्यामुळे निम्मी तरी खरी असणार.

आता रोजच्या दिवशी ज्याची ही कथा, त्याची येळवस कशी असेल ते ताडा. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्या सीमाभागात त्या दिवशी घरात मांजरसुद्धा थांबत नाही. सगळं गाव शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करायची, चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, शेताच्या कडेनं आंबील शिंपडत "ओलगे ओलगे" अशी आरोळी ठोकायची आणि वाटेनं जाणारा दिसेल त्याला भज्जी, ज्वारीच्या पिठाचे वाफवलेले उंडे आणि ताकातली आंबील खाऊ घालायची. भज्जी म्हणजे तुमची कांदाभजी नव्हे. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे आणि शेतातली झाडून सगळी पालेभाजी एका पातेल्यात नांदते, तिला भज्जी म्हणतात. येळवशीला परका माणूस आपल्या कोपीत जेवला नाही तर वर्ष कोरडं जातं, असं अण्णांचं मत. त्यांच्या शेताजवळ त्या दिवशी उदगीरच्या गाड्या हमखास बंद पडतात. ड्रायव्हर लोक शपथेवर सांगतात की इंजिनात बिघाड होता.

हा सगळा थाट अर्थात अक्काच्या जिवावर. अक्का म्हणजे अण्णांची बायको, आमच्या हिची थोरली बहीण. आदल्या दिवशीपासून ती पातेल्यांशी झुंजायची. त्या अक्कानं मागच्या साली, जन्मात पहिल्यांदा, नवऱ्याकडं काहीतरी मागितलं. "मला एकदा समिंदर बघायचाय." अण्णांना इतका आनंद झाला की दिवस-वार न बघता त्यांनी "व्हय" म्हणून टाकलं. ज्या माणसाला पुढच्या साताठ वर्षांच्या अमावास्या तोंडपाठ, तो माणूस इथं चुकला. कोकणातल्या एका छोट्या गावात मी खोल्या ठरवल्या. पाणी उथळ, बायकापोरांना निर्धास्त, असा त्या किनाऱ्याचा लौकिक होता. आम्ही चौघं आणि गाडीवर पाशाभाई.

उमरग्याच्या बाजारात ओल्या दाण्यांचे ढीग लागलेले दिसले आणि अण्णा सीटवरून ताडकन उठले. टपाला डोकं आपटलं.

"पाशा, थांबव! उंद्या येळवस हाय!"

पाशाभाईंनी गाडी कडेला घेतली. अण्णा कासावीस होऊन म्हणाले, "माघारी फिरव."

"फिरवा की," अक्का शांतपणे म्हणाली. "मी हितंच उतरते अन् चालत जाते समिंदराला."

अण्णांनी दाण्यांच्या ढिगाकडं बघितलं. मग त्यांचा चेहरा उजळला. "तितंच करू की येळवस! तितं मानसं न्हाईत का?"

"करा. पन मी चुलीला हात लावनार न्हाई. माझी भईनबी लावनार न्हाई."

आमची ही लगेच खिडकीबाहेर बघायला लागली. म्हणजे मदतीला कोण, ते ठरलं. अर्ध्या तासात गाडीत दाणे, भाज्या, पिठं, ताकाची बरणी, नवं मडकं आणि टपावर कडब्याच्या पेंढ्या चढल्या. पाशाभाई हात जोडून म्हणाले, "अण्णा, आदम्यां कू बैठने कू जगा नै, ये मटके कू कां बिठाऊं?" मडकं माझ्या मांडीवर बसलं आणि घाट संपेपर्यंत उठलं नाही. एका टोलनाक्यावर कडबा बघून माणसानं विचारलं, "जनावरं कुठायत?" पाशाभाईंनी अंगठ्यानं मागं, आमच्याकडं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी खोल्यांच्या मालकीणबाईंच्या अंगणात चूल पेटली. अण्णांनी हजारोंना जेवू घातलं असेल, पण चुलीत लाकूड कुठल्या बाजूनं घालतात हे त्यांना त्या दिवशी कळलं. धूर इतका झाला की समुद्रावरच्या होड्या म्हणे परत फिरल्या. भाकरीच्या एका अंगावर कोळसा, दुसऱ्या अंगावर ओलं पीठ. शेवटी ते सगळं डोक्यावर घेऊन आम्ही किनाऱ्यावर गेलो. सुरूच्या झाडांखाली कोप उभी राहिली, पाच काळे दगड चुना लावून बसले, आणि "ओलगे ओलगे" करत अण्णांनी लाटांच्या कडेनं आंबील शिंपडली. कुत्री तेवढी भक्तिभावानं मागोमाग आली.

मग अण्णा वाळूत उभे राहून हाक मारू लागले, "या हो, जेवायला या!"

एक गृहस्थ थांबले. "प्लेट केवढ्याला?"

"प्लेट न्हाई ओ. येळवस हाय. बसा."

"म्हणजे फुकट? कशाची जाहिरात आहे?" असं म्हणून ते हसत निघून गेले. पलीकडचा भजीवाला धावत आला. "ओ काका, इथे धंदा लावायला परवानगी लागते!" अण्णांनी त्याला ताट दाखवलं, त्यानं भज्जीत डोकावून बघितलं आणि बहुधा आपल्या धंद्याला धोका नाही अशी खात्री पटून परत गेला. एक लहानगी पोर मात्र खरंच कोपीत शिरून बसली. अण्णा पानावर वाढणार, इतक्यात तिची आई आली. "अनोळखी माणसांकडून काही घ्यायचं नसतं, सांगितलंय ना?" असं म्हणत पोरीला उचलून घेऊन गेली.

ते अण्णांना लागलं. बाईचं काही चुकलं नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं. उन्हं कलली. त्यांचा आवाज हळूहळू बसत गेला. "एकबी पावना न्हाई," ते मला म्हणाले. "जन्मात असं झालं न्हाई." मी म्हटलं, "मी जेवतो." तर म्हणाले, "तू घरचा. तू कुठं पावना?"

अक्का सकाळपासून पाण्यात होती. आधी लाट आली की किंचाळून पळायची, मग लाटेलाच दम द्यायला लागली. नेसूचं लुगडं ओलं, पायांना वाळू, अशी ती आमच्या कोपीपाशी आली आणि उभी राहिली.

"मला कुनी बसा म्हननार हाय का न्हाई?"

"तू?" अण्णा गोंधळले. "आधी पावनं..."

"आज मीच पावनी."

अण्णांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग तांब्या उचलून तिच्या हातावर पाणी ओतलं, आणि म्हणाले, "बसा." संसारात पहिल्यांदा त्यांनी तिला अहोजाहो केलं. अक्का मांडी घालून ऐसपैस बसली. भाकरी मोडली, भज्जीत बुडवली, डोळे मिटून चावली.

"कशी हाय?"

"वाढा आनखी."

तिनं दोनदा मागून घेतलं, असं चवीनं की बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. मघाची ती पोर आईचा हात ओढत पुन्हा आली. अक्का भरल्या तोंडानं त्या बाईला म्हणाली, "ये ग माय, बस. मी खायलेय न्हवं? मला काय झालं का?" बाई हसली, बसली. तिनं पहिला घास घेतला आणि हळूच म्हणाली, "आजी, यात मीठ नाहीये." एवढा मोठा मिठाचा साठा समोर उसळत होता आणि अण्णा मीठ घालायचं विसरले होते! ते ऐकून भजीवाला हसत मिठाची बरणी घेऊन आला आणि आलाच आहे तर म्हणून बसला. मग रांग लागली. घोडागाडीवाले जेवले, शहाळेवाले जेवले, ते जाहिरातवाले गृहस्थसुद्धा आंबिलीला परत आले. किनाऱ्यावर पोरांना फिरवणारा उंट तेवढा लाजला.

माणसं पांगल्यावर अण्णांनी मडक्यात हात घातला तर मडकं कोरडं. पातेलंही. अण्णांसाठी घासभरही उरलं नव्हतं. तेव्हा अक्कानं ताटलीखाली झाकलेली अर्धी भाकरी आणि तिच्या वाट्यातली थोडी भज्जी पुढं केली. दोघं वाळूत समुद्राकडं तोंड करून बसले. अण्णांनी एक घास खाल्ला आणि थांबले. ती भज्जी मीठ यायच्या आधीची होती.

"ही खाल्लीस तू? अन् वर मागून घेतलीस?"

अक्कानं त्यांच्याकडं बघितलंच नाही. लाट आली, तिच्या पायापर्यंत येऊन परत गेली.

"भूक लागली व्हती," ती म्हणाली.

अर्धी भाकरी अण्णांनी सावकाश, शेवटच्या तुकड्यापर्यंत संपवली. आमच्या हिनं मला कोपरानं खुणावलं, आणि आम्ही दोघं शिंपले बघायच्या निमित्तानं किनाऱ्यानं बरंच लांब चालत गेलो.