घट धरलेलं गणित

चौथीच्या परीक्षेत मी नापास झालो तो मिठाच्या गणितात. हे सांगितलं की माणसं हसतात. मिठागरातल्या पोराला मिठाचंच गणित येऊ नये म्हणजे काय, म्हणतात. हसोत बापडी. मीसुद्धा हसतो त्यांच्याबरोबर, पण आत काही हलत नाही.

आमचं घर ठाण्याच्या खाडीकाठी, मिठागराला लागून. शाळा गावात, सरकारी. कचेरीतल्या कारकुनांची मुलं मास्तरांच्या पुढ्यात बसत, त्यांच्यामागे वाण्या-उदम्यांची, आणि आम्ही मिठागरातली तीन-चार पोरं पार मागे भिंतीला. तिथेच बसा असं कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी आपसूक तिथे जाऊन टेकलो, ते कायमचे. महारवाड्यातली दोन पोरं तर बाहेर ओसरीवर असत. त्यांच्या पाट्या मास्तर लांबूनच बघत. आपल्याही खाली कुणीतरी आहे म्हणून मला तेव्हा बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

माघापासून वैशाखापर्यंत मीठ पिकतं. त्या दिवसांत घरातले सगळे हात आगरात लागत, माझेही. शाळेत त्रैराशिक शिकवलं ते नेमकं माघ-फाल्गुनात. मी गुडघाभर खाऱ्या पाण्यात मीठ ओढत होतो. परीक्षेच्या तोंडावर बानं सोडलं, परत वर्गात गेलो तेव्हा सगळे त्रैराशिकाच्या पुढे गेलेले. मास्तर वाईट नव्हते, मारत नसत. एवढंच म्हणत, "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!" वर्ग हसे. कारकुनाच्या मुलांना घरी वडील शिकवत, शिवाय काका होते, भाऊ होते. त्यांचा आड घरातच होता, पण हे मला कळायला वय जावं लागलं.

बाला अक्षर येत नव्हतं. पण मिठाच्या नाक्यावर बसून वजन लिहिणारा एखादा कारकून आपल्यातला असावा, ही त्याची फार इच्छा. परीक्षेच्या सकाळी तो कोंडीच्या, म्हणजे मिठाच्या वाफ्याच्या, बांधावर उभा होता. म्हणाला, "पास हो, मंग लागेल तेवढं शीक. मी एकटा वडीन मीठ. नाय झालास तर उद्यापासून माझ्यासंगं."

परीक्षा घ्यायला शाळा तपासणारे डिपुटी आले होते, लाल पगडीचे. वाचन झालं, कविता झाली. माझं वाचन चांगलं होतं. ते दोनदा "ठीक" म्हणाले. मग पाटीवर तीन गणितं. त्यातली दोन तरी बरोबर यायला हवीत, नाहीतर नापास. पहिलं कापडाचं, ते आलं. दुसरं त्रैराशिक, ते कोरंच राहिलं. तिसरं असं होतं: एका व्यापाऱ्यानं चैत्रात दहा खंडी मीठ कोठारात भरलं, दिवाळीला कोठारातलं निम्मं विकलं, तर मागे किती राहिलं?

मला आनंद झाला. मीठ चैत्रात भरलं आणि दिवाळीला काढलं, म्हणजे मधे अख्खा पावसाळा गेला. पावसाळ्यात मीठ पाझरतं, झिजतं. आमच्याकडे खंडीमागे दोन मण घट धरत. बोटांच्या पेरांवर हा हिशेब करायला मला बानंच शिकवलं होतं. दहा खंडीला वीस मण घट, म्हणजे एक खंडी गेली. उरलं नऊ, त्याचं निम्मं साडेचार. मी ठळक लिहिलं, साडेचार खंडी.

डिपुटींनी पाटी बघितली. "साडेचार कुठून आणलेस?"

"घट धरली, साहेब."

"गणितात घट कुठे लिहिली आहे?"

"लिहिली नाही, पण मीठ आहे ना."

वर्ग हसला. पुढच्या रांगेतल्या सगळ्यांनी पाच लिहिलं होतं. त्यांनी मीठ फक्त ताटात पाहिलेलं. डिपुटींना वाटलं, मी उलट बोलतोय. त्यांनी पाटीवर फुली मारली. मास्तर ठाण्याचेच, त्यांना घट ठाऊक नसेल असं होणार नाही. ते खाली बघत राहिले. डिपुटींच्या शेऱ्यावर त्यांचीही नोकरी होती. मला ना राग आला, ना रडू. नुसतं सगळं लांब गेल्यासारखं झालं, आणि मी पाटी पुसली.

ऊन उतरताना आगरात पोचलो. बा मीठ ओढत होता. "काय झालं?"

"नापास."

तो थांबला. "काय इचारलेलं?"

मी मिठाचं गणित सांगितलं. त्यानं हातातलं फावडं बांधाला टेकवलं आणि पेरं मोजली. सावकाश, दोनदा. "साडेचार," म्हणाला.

"मी तेच लिहिलं."

त्याचा चेहरा असा काही उजळला, की मला बघवेना. "मंग नापास कसा रं झालास?"

तो उत्तराची वाट बघत उभा होता. त्याच्यापाशी जी काय विद्या होती ती एवढीच, पेरांवरची. आणि ती त्यानं मला दिली होती. तिच्यावर साहेबानं फुली मारली, हे मी त्याला कसं सांगू? मी म्हणालो, "वाचन नाय आलं."

बानं फावडं उचललं. दुसऱ्या दिवशी मी आगरात गेलो, त्यानंतर गेलोच.

पुढे घरी सरकारी कागद येत, कधी मामाचं पत्र येई. बा ते उचलून गावातल्या भटजींकडे वाचायला नेत असे, सोबत मला घेई. भटजींची नजर अधू झालेली, ते मधल्या ओळी गाळत. मी शेजारी बसून सगळा कागद वाचलेला असे आणि गप्प राही. पहिल्या वर्षी बोललो असतो तर जमलं असतं, नंतर तेही राहिलं नाही. परतताना बा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणे, "सगल्यांनाच येतं असं नाय रं." तो मला वाचता येत नाही असं समजूनच गेला.